पाणी चढायला वेळ लागतो

२१ जुलै २०२१ च्या संध्याकाळी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, सांगलीहून महाडला फोन लावला. महाबळेश्वर-पोलादपूरकडे पाऊस कोसळतोय असं बातम्यांत ऐकलं की विहिणीची चौकशी करायची, हा त्यांचा शिरस्ता. मी पुण्यात असते, माहेर सांगली आणि सासर महाड, त्यामुळे दोन्ही घरचं बोलणं मला दोन्हीकडून कळतं. अप्पा म्हणाले, "विहीणबाई, घाबरू नका. पाणी चढायला वेळ लागतो. रात्रीतनं काही होत नसतं. सकाळी बघा आणि मग काय ते हलवा." सासूबाई "बरं बरं, व्याहीबुवा" म्हणाल्या, फोन ठेवला आणि तांदळाची पोती, गाद्या, देव, कागदपत्रांची पेटी असं सगळं माळ्यावर चढवायला घेतलं. पहाट व्हायच्या आत तळमजल्यात पाणी शिरलं होतं आणि खालच्या फळीवर राहिलेली लोणच्याची बरणी दिवाणखान्यात तरंगत होती. घरातली माणसं वर सुखरूप होती. पुढे कोणी त्या फोनची आठवण काढली नाही. सासूबाईंनी तर चुकूनही नाही. पण अप्पांचं ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. सत्तर वर्षांच्या अनुभवातून, काळजीपोटी बोललेलं वाक्य होतं ते. आणि त्यांच्या नदीपुरतं शंभर टक्के खरं होतं.

अप्पांचं आयुष्य सांगलीच्या गावभागात गेलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात त्यांचा दिवस पुलावरच्या आकड्याने सुरू होतो. "आज पुलाखाली किती?" हे सांगलीत दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना विचारतात आणि उत्तर फुटांतच येतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कुठल्या आकड्याला कुठल्या गल्लीत पाणी येतं हे लोकांना तोंडपाठ असतं. पाणी सूर्यवंशी प्लॉटात आलं म्हटलं की बाकीचे कामाला लागतात. अप्पा वरून हिशोब मांडत येतात: कोयनेचे दरवाजे किती फूट उचलले, कराडला पातळी किती, भिलवडीला किती, म्हणजे आपल्याकडे उद्या दुपारी इतकं. कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीत पोचायला दिवस-दीड दिवस जातो. तेवढ्या वेळात माणसं जेवतात, झोपतात, दुकानातला माल पोटमाळ्यावर टाकतात, म्हशी मिरजेला पाहुण्यांकडे पोचवतात. लहानपणी मी अप्पांबरोबर घाटावर जायची. पाण्याच्या कडेला ते एक काडी खोचायचे, आम्ही वरच्या पायरीवर शेंगा फोडत बसायचो आणि अर्ध्या तासाने जाऊन बघायचो. कधी काडी कोरडीच असायची, कधी चार बोटं बुडालेली. पाण्याला आवाज नसायचा. गवताचे पुंजके, उसाचा पाला, एखादी चप्पल घेऊन ते नुसतं सरकत असायचं आणि सगळ्या घाटावर कुजक्या पाल्याचा आंबूस वास भरलेला असायचा. २०१९ साली हेच पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, अप्पांचे सगळे आडाखे बुडवून गेलं. तरी तेही आलं ते पायरी-पायरीनेच. आणि आल्यावर दिवसचे दिवस हललं नाही.

महाडच्या घरात पुलाखालचा आकडा कोणी विचारत नाही. सासूबाई दोन गोष्टी बघतात: वर डोंगरात अंधारून आलंय का आणि खाडीला भरती केव्हा आहे. कड्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो. महाडची नदी सावित्री. तिला गांधारीही महाडलाच येऊन मिळते, काळ नदी रायगडाच्या बाजूने पाणी घेऊन येते, आणि नेमकी त्याच वेळी बाणकोटच्या खाडीतून भरती वर चढलेली असली की उतरणाऱ्या पाण्याला पुढे वाट राहत नाही. मग ते बाजारपेठेतून वाट काढतं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका नातलगांकडे आम्ही मुक्कामाला होतो. रात्री मला जाग आली ती आवाजाने. मेघगर्जना म्हणावी तर ती थांबते. हे थांबत नव्हतं. ओटीवर आले तर शहाबादी फरशीतून तळपायाला बारीक हादरे कळत होते. घरच्या आजी अंथरुणावरूनच म्हणाल्या, "काही नाही गं, धोंडे चाललेत." नदीच्या तळाशी माणसाएवढे दगड एकमेकांवर आपटत खाली निघाले होते. मी कृष्णाकाठी वाढलेली. नदीला आवाज असतो, आणि तो दगडांचा असतो, हे मला त्या रात्री कळलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीने महामार्गावरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल नेला, त्याच्याबरोबर एसटीच्या गाड्या आणि माणसं नेली. ती बातमी ऐकताना मला आधी ती फरशी आठवली.

२०२१ च्या त्या आठवड्याला आणखी एक बाजू होती, ती मला नंतर जास्त बोलकी वाटली. २३ तारखेच्या सकाळी महाबळेश्वरला मोजलेला २४ तासांचा पाऊस ५९० मिलिमीटरच्या वर होता. त्याआधीच, २२ ला, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० च्या वर माणसं गेली होती. महाडचं पाणी ओहोटीबरोबर उतरलं, मागे गुडघाभर लाल चिखल राहिला आणि सासूबाई खराट्याने तो ढकलत असतानाच सांगलीचा पूर चढत होता. २५ तारखेच्या सुमारास आयर्विन पुलाखाली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं. तोपर्यंत महाडात भांडी धुऊन वाळत पडली होती. मग सासूबाईंनी सांगलीला फोन केला. "व्याहीबुवा, उतरलं का पाणी?" दुसऱ्या दिवशी परत, "अजून उतरलं नाही?" तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "अगं, पाऊस तर केव्हाचा थांबलाय. मग ते पाणी तिथे बसून करतंय काय?" त्यांना खरंच कळत नव्हतं. पाऊस थांबल्यावर, ओहोट लागल्यावर पाणी जातं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. अप्पांना पाणी एका रात्रीत येतं हे पटत नव्हतं, सासूबाईंना पाणी आठवडाभर राहतं हे.

दोघांच्याही नदीचा उगम एकच.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या मंदिरात गेलं की कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाचही जणी एका गोमुखातून कुंडात पडताना दिसतात. पाणी इतकं गार की ओंजळ फार वेळ धरवत नाही. भूगोलाच्या हिशोबाने उगम म्हणजे हा सगळा माथा, जांभ्याचं टोपण घातलेला, साडेतेराशे मीटरच्या आसपासचा. मला तो जुन्या कौलारू घराच्या आढ्यासारखा वाटतो. आढ्यावर पडलेला थेंब बोटभर इकडे पडला तर एका पाखीने जातो, बोटभर तिकडे पडला तर दुसऱ्या पाखीने. या घराची कोकणाकडची पाखी उभी आणि आखूड आहे, देशावरची पाखी लांबच लांब. सावित्रीला समुद्र गाठायला जेमतेम ११० किलोमीटर जायचं असतं. कृष्णेला १,४०० किलोमीटर. उंची दोघींनी सारखीच उतरायची. भागाकार केला तर सावित्रीच्या वाट्याला किलोमीटरमागे सरासरी १२ मीटरचा उतार येतो आणि कृष्णेच्या वाट्याला १ मीटरही नाही. अप्पा आणि सासूबाई यांच्यातला सगळा मतभेद या भागाकारात आहे असं वाटून मी कागदावर तो पुन्हा पुन्हा करून पाहिला.

पण सरासरीने पूर्ण समाधान होत नाही, कारण दोघीही तो उतार सारखा वाटून घेत नाहीत. कृष्णा पहिल्या काही किलोमीटरांतच जोर गावच्या दरीत उडी घेते. वाईला येते तेव्हा उंची ७०० मीटरच्या आसपास उरलेली असते. म्हणजे समुद्रापर्यंतचा जवळजवळ निम्मा उतार तिने सातारा जिल्ह्यातच, उगमाजवळ खर्चून टाकलेला असतो. वाईच्या ढोल्या गणपतीसमोर तिला पाहिलं तर एवढा पराक्रम करून आलेली वाटत नाही. पुढे माहुलीला वेण्णा येते, कराडला कोयना अगदी समोरून येऊन भिडते, आणि तिथून सांगलीपर्यंत उतार किलोमीटरमागे वीतभराच्या आसपास राहतो. एका किलोमीटरला एक वीत! आपल्या न्हाणीघराच्या फरशीलासुद्धा गवंडी याहून कितीतरी जास्त ढाळ देतो. मग पाणी तिथे बसून करतं काय, या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच की जायला ढाळच नाही.

शाळेत हे सगळं आपण नदीच्या अवस्था म्हणून शिकलेलो असतो. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था. विल्यम मॉरिस डेव्हिस नावाच्या अमेरिकी भूगोलज्ञाने १८९९ साली हे भूरूपांचं चक्र मांडलं आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. डोंगरात नदी तरुण: खाली खणते, घळ्या पाडते, धबधबे, रांजणखळगे. मग प्रौढ: दरी रुंदावते. मग वृद्ध: मैदानात रेंगाळते, नागमोडी वळणं घेते, गाळ टाकते. माझ्या भाचीने परीक्षेच्या आदल्या दिवशी हे अप्पांसमोर मोठ्याने पाठ केलं, तेव्हा ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे आपली कृष्णा म्हातारी?" त्यांना ते लागलं होतं. संक्रांतीला जिच्या पाण्यात उतरतात, जिचा उत्सव वाईत घाटाघाटांवर होतो, ती माय आहे, तिला वय नसतं. मला मात्र तेव्हा वेगळंच वाटून गेलं. वर्षांचा या वयाशी तसा संबंधच नाही. आज, या क्षणी, कृष्णा जोरच्या दरीत तरुण आहे आणि सांगलीत वृद्ध. आपण माणसं एक वय सोडून दुसऱ्या वयात जातो. नदी सगळी वयं एकाच वेळी जगत असते आणि ती ठरतात तिच्या पायाखालच्या उताराने.

उतार बदलला की काय काय बदलतं हे हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते पूर्वीच्या चौसष्ट पट वजनाचा धोंडा ढकलू शकतं, असा एक जुना नियम आहे. तो वाचल्यावर पोलादपूरची ती रात्र मला नव्याने कळली. पोलादपूरच्या वर नदीतला दगड उचलला तर त्याला अजून कोपरे असतात, हाताला लागतात. महाडच्या अलीकडे तो गोटा झालेला असतो. सांगलीच्या घाटाखाली तर दगड मिळतच नाही. हात घातला की मळी लागते, काळी, लोण्यासारखी मऊ, तीत कणभरही खर नाही. कुठल्या कुठे सह्याद्रीचा बेसॉल्ट, आणि त्याचं हे पीठ. वाळल्यावर तिच्या पापड्या होतात, पापड्यांच्या कडा वर वळतात आणि अनवाणी चाललं की पायाखाली कुडकुड मोडतात. या मळीतच कृष्णाकाठची वांगी होतात. भाजताना त्यांची साल सुटून येते आणि आतला गर इतका गोड लागतो की भरताला दाण्याचं कूट कमीच घालावं.

मळीची खरी खोली हरिपूरला कळते. वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथलं हे गाव, हळदीच्या पेवांचं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी: वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत पोट फुगत गेलेलं, खोली वीस-पंचवीस फूट. बांधकाम काही नाही. नदीने वर्षानुवर्षं टाकलेल्या गाळाचीच भिंत, इतकी घट्ट की ढासळत नाही आणि इतकी कोरडी की आत ठेवलेली हळद वर्षानुवर्षं किडत नाही. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आतली हवा बाहेर पडू द्यायची, मग माणूस सोडायचा. लहानपणी मी एकदा काठावर पालथी पडून आत डोकावले होते. खालून आलेला तो वास, हळदीचा, मातीचा आणि बंद अंधाराचा, अजून मला ओळखता येईल. अख्ख्या देशाच्या हळदीच्या व्यापारात सांगलीचं नाव झालं त्याच्या मुळाशी हा गाळ आहे, आणि गाळ आहे कारण कृष्णा इथे सावकाश चालते. २००५ च्या पुरात याच नदीचं पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली आणि पुष्कळ पेवं कायमची गेली. जिने भिंती दिल्या तिनेच त्या नेल्या. हरिपूरच्या लोकांच्या बोलण्यात याबद्दल चीड फार जाणवली नाही मला, हळहळ होती. मला स्वतःला काय वाटतं ते अजून ठरवता आलेलं नाही. त्या गाळावर प्रेम करायचं आणि पुराला शिव्या घालायच्या, हे दोन्ही एका तोंडाने जमत नाही.

सावित्रीची गोष्ट याहून घाईची. महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटवर उभं राहिलं की तिची दरी सरळ पायाखाली असते, वाऱ्यात टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. सांगतात, की ऑर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि मूल सावित्रीच्या पाण्यात गेलं आणि मग तो इथे येऊन नदीकडे बघत बसायचा. तिथून ती हजारभर मीटर कोसळते आणि पोलादपूर ओलांडते न ओलांडते तोच तिचा उतार संपतो. महाडला खाडीची हवा लागते. म्हणजे तिला मधलं वय मिळतच नाही. कड्यावरचं सगळं अवखळ पाणी, सगळे धोंडे, सगळा राडा आणून ती एकदम सपाटीवर टाकते आणि पुढे भरती उभी. महाड गाव वसलं आहे ते नेमकं या जागी. पूर्वी इथवर गलबतं यायची, घाटावरचा माल इथे उतरायचा, म्हणून बाजारपेठ झाली. जे पाणी व्यापाराला सोयीचं होतं तेच पुराला. महाडच्या सावित्रीत मगरी आहेत आणि भिलवडी-औदुंबरच्या कृष्णेतही आहेत. हिवाळ्यात दोन्हीकडे त्या गाळाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मगरीला संथ, खोल पाणी लागतं. वरच्या बाजूने एवढ्या वेगळ्या असलेल्या या दोघी त्या जागी एका वयाच्या झालेल्या असतात.

कोल्हापूरकडची पंचगंगा तर अगदी सपाटीचीच म्हणावी. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीला कृष्णेत मिळेपर्यंत तिची लांबी ८० किलोमीटर भरते, रस्त्याने माणूस पन्नासच्या आत-बाहेर पोचतो. उरलेले सगळे किलोमीटर वळणांचे. बाहेरच्या काठावर पाणी घासतं, आतल्या काठावर गाळ टाकतं, वळण आणखी वाढतं. फारच वाढलं तर एखाद्या पुरात नदी गळ्याशी कापून सरळ जाते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं. वाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे मागे चढत जातो. वाडीच्या दत्तमंदिरात पाणी उत्तरेच्या दाराने आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. माझी आई त्या पाण्यात स्नानाला जायची आणि ओल्या पदराने परत यायची. पूर अंगावर घेण्याची अशी पद्धत सावित्रीकाठी निघूच शकली नसती. पाण्यात उभं राहता येण्याइतकं ते हळू असावं लागतं.

एवढं झाल्यावर पाठ्यपुस्तकाचा क्रम माझ्या मनात पक्का बसला होता, आणि मग नकाशावर बोट पुढे नेताना तो मोडला. सांगलीत वृद्ध झालेली कृष्णा कर्नाटकात नारायणपूर धरणाच्या खाली, रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूरजवळच्या जलदुर्गला, पुन्हा धावायला लागते. जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की तिथे ती तीनएक मैलांत ४०० फुटांच्या वर उतरते. पठाराची एक पायरी संपते आणि नदीच्या पायाखाली परत उतार येतो. त्याहीपुढे श्रीशैलमला नल्लमल्लाच्या डोंगरांतून ती खोल दरी कापत जाते, आणि विजयवाडा सोडल्यावरच खऱ्या अर्थाने मैदानात येऊन त्रिभुज प्रदेश करते. नदीचं असं पुनरुज्जीवन होतं हे डेव्हिसलाही ठाऊक होतं. मला मात्र घरच्या नदीचं ते माहीत नव्हतं. अप्पांना सांगितलं तर त्यांनी चष्मा लावून मोबाइलवरचा नकाशा कितीतरी वेळ पाहिला. "म्हणजे सांगलीच्या पुढेही ती आहे," असं काहीसं पुटपुटले. भाचीच्या पाठांतराने लागलेली जखम त्या दिवशी भरली असावी.

उगमाकडचं चित्रही स्थिर नाही. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिमेकडची जमीन तुटून समुद्र आला, कडा उभा राहिला, आणि तेव्हापासून कोकणातल्या आखूड नद्या तो कडा पूर्वेकडे कोरत आहेत. उभ्या उताराची सावित्री वरच्या अंगाला माथा खात सरकते आहे. संथ कृष्णेला तिच्याशी झगडायला तेवढं बळ नाही. असा माथा खात खात एक नदी दुसरीचं पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्याला भूगोलात नदीचौर्य म्हणतात. लाखो वर्षांच्या हिशोबात महाबळेश्वरचा पाऊस सासूबाईंच्या बाजूला जास्त जाणार आहे. आणि माणसाने तेच काम बोगदा पाडून केलं. कोयना कृष्णेची, तिचं पाणी पूर्वेला जायचं. हेळवाकला धरण बांधून त्यातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली सोडलं, मुख्यतः त्या पडण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला, आणि ते पाणी वाशिष्ठीत जातं. राज्यांमधल्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या कृष्णा लवादाने यासाठी ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मान्य केलं. बंगालच्या उपसागरापर्यंत हजार-बाराशे किलोमीटर रमतगमत जायचं पाणी चिपळूणजवळ एका दमात खाली येतं. आपल्या घरात दिवा लागतो तो या उताराच्या फरकावर.

हे सगळं कळल्यापासून मला पुराबद्दलची चर्चा ऐकवत नाही. दर पावसाळ्यानंतर एकच उपाय सगळ्या नद्यांना सुचवला जातो: गाळ काढा. महाडला गाळ काढणं मला पटतं. तिथे एका पुराने आणलेला धोंड्यांचा ढीग पुढच्या पुराची वाट अडवतो. पण ज्या नदीला किलोमीटरमागे वीतभर उतार आहे तिथे पात्र खोल करून पाण्याचा वेग किती वाढणार? खोदलेल्या खड्ड्यात पुढच्या वर्षीची मळी येऊन बसेल. सांगली-कोल्हापूरला पाण्याला पसरायला जागा लागते, ती त्याची कायमची गरज आहे, आणि त्याच जागेवर आपण प्लॉट पाडले. आमच्या ओळखीतल्या एकांनी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारने पुराची म्हणून आखलेल्या रेषेच्या, आतली जागा घेतली, मातीचा भराव टाकून जोतं उंच केलं. त्यांचं घर कोरडं राहिलं, मागच्या गल्लीत पाणी दोन फूट जास्त चढलं. कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायची की नाही यावर राज्यं भांडतात, ते भांडण व्हायलाच हवं, कारण सपाट नदीत खाली थोडीशी पातळी बदलली तर वर कुठवर फुगवटा येतो हे अभ्यासून ठरवायलाच लागतं. पण आपल्या गावात भराव टाकताना आपण कोणालाच विचारत नाही, याचा मला जास्त त्रास होतो.

अप्पा आता पावसाळ्यात दोन आकडे विचारतात. आयर्विन पुलाखाली किती, आणि बाणकोटला भरती केव्हाची. दुसरा आकडा त्यांना मोबाइलवर बघायला भाचीने शिकवला. महाडला फोन केला की ते आता उपदेश करत नाहीत, "विहीणबाई, माळ्यावर नेलंत ना सगळं?" एवढंच विचारतात. सासूबाईही सांगलीला रोज फोन करण्याऐवजी चार दिवसांनी करतात.

आणि अप्पांनी जलदुर्गचं वेड घेतलंय. त्यांना कृष्णा धावताना बघायची आहे. ऐंशी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात, तरी विजयपूरमार्गे लिंगसुगूरला कसं जायचं हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं आहे. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "मीही येते. सांगलीची नदी पळते म्हणजे बघायलाच हवं." अडचण एकच आहे. वर धरण असल्यामुळे उन्हाळ्यात तिथे नुसते खडक दिसतात. नारायणपूरचे दरवाजे उघडले तरच पाणी, म्हणजे जुलै-ऑगस्टात जायला हवं. त्या दिवसांत अप्पा पूल सोडून हलणार नाहीत आणि सासूबाई महाडचं घर बंद करणार नाहीत. तारीख ठरवायला बसलं की दोघंही आपापल्या नदीचं कारण सांगतात, आणि दोघांचंही म्हणणं मला पटतं.